पायाळूचा पाय

चिमाजीच्या पाठीवर गरम विटेचा शेक देता देता गोजरबाईची नजर वर तुळईकडं गेली आणि तिचा हात थांबला. ठकी तिथं नव्हती.

ठकी म्हणजे त्यांच्या इंद्रायणीची लाकडाची बाहुली. पोर गेली तेव्हा, डोळ्यांपुढं नको म्हणून, गोजरबाईनंच ती तुळईवर मागं सारून ठेवली होती. आता ती चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती, पोर बसायची अगदी तिथंच. डोक्यावर पळसाचं एक पान, इरल्यासारखं दुमडून ठेवलेलं.

"अवो, मी पान्याला गेल्ते तवा कोन आलं व्हतं का?"

"कोन येतंय हितं," चिमाजी पालथाच बोलला. "अन् आलं तरी मला उठून बघाया येतंय का?"

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. ती झऱ्यावर जाऊन आली, की ठकी खाली. घरात माणूस म्हणावा तर एकच, तोही उंबऱ्यापर्यंत सरपटत जाणारा. गोजरबाई मुकाट्यानं बाहुली उचलायची, जागेवर ठेवायची, आणि मग दिवसभर जिवाला चैन नसायचं. पोर घरात फिरतीय, हे तिनं मनाशी धरलंच होतं. का फिरतीय, तेही तिला ठाऊक होतं.

गेल्या साली भाताची लावणी चालली होती. आभाळ गच्च भरून आलं, तशी पोरगी आईसाठी इरलं घेऊन बांधावरून धावत आली. आईच्या डोक्यावर इरलं ठेवून दोन पावलं मागं सरली नाही, तोच वीज पडली. आईला साधं खरचटलंसुद्धा नाही. चिमाजी वरच्या खाचरातून सगळं बघत होता.

पोरीच्या दिवसाला आलेली म्हातारी साळुबाई बोलून गेली, "ईज पायाळूलाच हुडकीत येती बाबा. पोरगी पायाळू व्हती का?"

"न्हाई," चिमाजी म्हणाला. "डोक्याकडनं झाली ती."

त्यानंतर चारच दिवसांनी त्याची पाठ धरली. पोरीच्या दुःखानं कणाच मोडला गड्याचा, असं अख्खं आहुपे गाव म्हणालं.

गोजरबाईनं करायचं काही बाकी ठेवलं नाही. बिब्बे घातले. पाठभर फोड उठले, तरी चिमाजीनं हूं की चूं केलं नाही. घोडेगावापर्यंत डोली केली, तिथून नव्या एस्टीनं जुन्नरला नेलं. हकीम मेहबूबभाईंनी मानेपासून माकडहाडापर्यंत मणका न् मणका चाचपला आणि हात पुसले. "मला तर हितं काय गावत न्हाई बाई. तेल देतो. पर ह्याला कसला तरी घोर लागलाय." तेल संपलं, घोर काही संपला नाही. त्याला उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, आणि उरलेल्या दिवसात शेत बघायचं. बाई वाळून काटकी झाली.

आला-गेला एकच सांगायचा, "पायाळूची लाथ बसू द्या, उठून पळंल." जे पायांकडून जन्मतं ते पायाळू. त्याचा पाय लागला की धरलेली पाठ सुटते, हे त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. चिमाजी हट्ट करत नसे. "गावलं कोन तर बघ," एवढंच म्हणायचा, आणि तिच्याकडं बघत राहायचा.

गावायचं काय त्यात? गोजरबाई स्वतःच पायाळू होती.

"मरंस्तवर बोलू नगंस," असं आईनं लग्नाआधी बजावलं होतं. विजेला आवतण देणारी सून कोण घरात घेईल? तिनं जीभ चावून संसार केला. आता बोलावं, तर वीज कुणासाठी आली होती आणि कुणाला घेऊन गेली, हे चिमाजीला कळणार. मग तो तिला दारात तरी उभी करील का? आणि न बोलावं, तर डोळ्यांदेखत नवरा अंथरुणाला खिळून संपणार. औषध घरातच होतं, तिच्याच पायात.

त्या दिवशी ते पळसाचं पान बघून मात्र तिचं अवसान गळालं. पोरीनं आणखी कसं सांगायचं?

तिनं वीट बाजूला ठेवली. दाराची कडी वाजवली.

"अवो, पल्याडच्या वाडीची लंकाबाई आलीया. पायाळू हाय. जरा भितीकडं तोंड करा."

चिमाजीनं तोंड फिरवलं. तिनं पायांतली जोडवी काढली, वाजायला नकोत म्हणून, आणि कनवटीला लावली. बाईनं नवऱ्याच्या पाठीवर पाय द्यायचा, म्हणजे सात जन्म फिटायचं नाही असं पाप. तिनं मनातल्या मनात त्याच्या पाया पडून घेतलं आणि डावा पाय त्याच्या मणक्यावर ठेवला. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा जरा जोरानं.

"जोडवी घाल आता, गोजरे," चिमाजी भिंतीकडं बघतच म्हणाला.

तिनं पाय मागं घेतला. मग सगळंच बाहेर आलं. "मीच हाय ती. आयनं बोलू दिलं न्हाई... आदी तुमी बरं व्हा, मग मला घालवून द्या. मी कायबी म्हननार न्हाई."

चिमाजी उठला. त्यानं खांब धरला नाही, कण्हला नाही. सरळ, ताठ उभा राहिला. गोजरबाईला रडता रडता हसू फुटलं.

"सुटली," ती म्हणाली. "पाठ सुटली तुमची."

त्यानं चुलीजवळची ठकी उचलली, डोक्यावरचं पान काढलं, आणि वर न बघताच हात लांबवून तिला तुळईवर नेमकी तिच्या जागी ठेवली.

"पाठीला काय झालंच नव्हतं," तो म्हणाला. "ईज कुनाला हुडकत आली व्हती, तेवढंच मला बघायचं व्हतं."