खात्री

बाबांचं पोट दुखायचं थांबेना, तेव्हा डॉक्टर लेकीनं आपल्या हॉस्पिटलातल्या नेमक्या त्या सर्जनला बोलावलं, जो तिच्याच वर्गात असताना दोनदा नापास झाला होता. आईच्या मनात पाल चुकचुकली.

"कॉलेजात पहिली आलेली तू, आणि बापाच्या जिवाशी खेळायला तुला हाच सापडला?" ती लेकीच्या कानाशी कुजबुजली. "खरं सांग, तुमच्यात काही आहे का?"

"आई, लग्न झालंय त्याचं. जुळ्या मुली आहेत."

सर्जननं बराच वेळ पोट दाबून पाहिलं. मग मान हलवत म्हणाला, "मला नक्की कळत नाहीये. मी मोठ्या मॅडमना बोलावतो. तोवर स्कॅन करून घेऊ." आणि तो घाईनं बाहेर गेला.

आईनं लेकीचा दंडच धरला. "बघितलंस? काही येत नाही मेल्याला. स्वतःच्या तोंडानं सांगून गेला!"

लेक बाबांचं पांघरूण उगाचच सारखं करत राहिली.

"काल घरी मी तपासलं ना, तेव्हा मलाही कळलं नव्हतं, आई. पण मी ॲसिडिटी आहे म्हणाले, आणि गोळी दिली."