शिकवलेला खेळ

"या वेळी रडायचं नाही हं, ताई," परीक्षेत खेळायला आणलेल्या मुलीचे वडील म्हणाले आणि गाडी सावलीत लावून येतो म्हणून खाली गेले.

बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. केंद्रातल्या सगळ्याच शिकाऊ बायकांना ते असे चिडवत, आणि सगळ्यांना ते आवडत. तिनेही हसून मान डोलावली. प्ले थेरपीच्या, म्हणजे खेळातून मुलांवर करायच्या उपचारांच्या, अंतिम परीक्षेची तिची ही तिसरी खेप होती. चौथी खेप केंद्राच्या नियमांत बसत नव्हती.

याआधी ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत होती. ती कायमची नोकरी सोडून ती इथे आली, तेव्हा मुलांशी खेळायला शिकण्यासाठी कुणी नोकरी सोडतं का, असे भावाने विचारले होते. ती पहिल्यांदा नापास झाल्यावर त्याने विचारणे सोडले. खेळातसुद्धा नापास होणारे माणूस आपल्याच घरात निघाले, एवढे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

परीक्षेची पद्धत सोपी होती. खोलीत वाळूचा पसरट ट्रे, लाकडी घर, बाहुल्या, भातुकली. एका भिंतीला एकतर्फी काच आणि काचेपलीकडे केंद्राच्या प्रमुख बाई. मूल खेळणार आणि परीक्षार्थीने फक्त दिसेल ते शब्दांत मांडायचे. प्रश्न विचारायचा नाही, सुचवायचे नाही, तर्क करायचा नाही.

मूल मात्र उपचारांसाठी आलेले नसे. शिकाऊ हातांत दुखावलेले मूल देणे बाईंना मंजूर नव्हते. त्यामुळे दर वेळी त्याच एका धडधाकट मुलीला एखादा खेळ पढवून आत पाठवले जाई. तिला ही रीत पटली होती. प्रयोगशाळेतही यंत्राची पारख अशीच होते. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना यंत्रात घालायचा. उत्तर चुकले, तर दोष यंत्राचा.

दोन्ही वेळा यंत्र सदोष ठरले होते.

पहिल्या वेळी मुलीने छोटी बाहुली वाळूत पुरली, तशी ती स्वतःच खोलीबाहेर धावली होती. या मुलीला आजच्या आज डॉक्टरांना दाखवा, पोलिसांना कळवा, असे तिने बाईंना सांगितले. बाईंनी तिला खुर्चीत बसवून पाणी दिले.

"शिकवलेला खेळ आहे तो," त्या म्हणाल्या. "उद्या खरं मूल समोर आलं की जरूर कळवा. आज मला तुमची नजर तपासायची आहे, काळीज नाही."

दुसऱ्या वेळी ती जागची हलली नाही. पण डोळे भरून आले आणि तुला कुणी मारतं का, असे तिच्या तोंडून निघून गेले. प्रश्न विचारल्याबद्दल नापास.

आज मुलीने चपला दाराशी काढल्या आणि ती सरळ वाळूकडे गेली. तिने खेळण्यातल्या किल्ल्यांचा जुडगा उचलून वाजवला. मोठा बाहुला लाकडी घराच्या दारात उभा केला. मग छोटी बाहुली वाळूत आडवी ठेवली, वर वाळू लोटली आणि तळहाताने ती सपाट केली, अगदी एक रेघही दिसणार नाही इतकी.

"किल्ल्या वाजल्या," ती मुलीच्या हातांकडे पाहत म्हणाली. "छोटी बाहुली वाळूखाली गेली. आता ती दिसत नाही."

मुलीने तिच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"श्वास घेतला की वाळू हलते," मुलगी हळूच म्हणाली. "मग त्याला कळतं."

हे वाक्य याआधी नव्हते. खेळ बसवणाऱ्याने मेहनत घेतली आहे, असे तिच्या मनात आले.

"श्वास घेतला की त्याला कळतं," तिने तेच शब्द परत केले. आवाज सपाट राहिला. डोळे भरून आले नाहीत. तिने दोन्हींची मनात नोंद घेतली.

मुलगी थोडी थांबली. मग तिने बाहुली बाहेर काढली, झटकली आणि फडताळात जागच्या जागी ठेवून दिली. उरलेला वेळ ती भिंतीकडे तोंड करून बसली. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली आहे, असे तिने सांगितले.

"पास," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "आता तुम्ही वाहवत जात नाही. माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक जण अशीच पक्की होऊन जाते." आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, फक्त ओझे उतरले. भावाला काय सांगायचे ते ठरवत ती ओसरत्या उन्हाच्या बोळकांडीत आली. तिथे केंद्रातल्या मावशी मुलीच्या चपलांचे पट्टे लावत होत्या. मुलीला खेळ पढवायचे काम त्यांच्याकडे होते. तिने मावशींचे मनापासून आभार मानले.

"किल्ल्यांची कल्पना तुमची का?" तिने विचारले. "फार खरी वाटते."

"कसल्या किल्ल्या?" मावशी हसल्या. "मी बसवते तो दुकानाचा खेळ. तराजू, भाजी, गिऱ्हाईक. तिन्ही वेळा घोटून घेतलाय हिच्याकडून, पण आत गेली की सगळं विसरते बघा. बाईंच्या कानावर घातलं, तर म्हणाल्या, राहू द्या, ती करते तेही चालेल."

जिन्यावर किल्ल्या वाजल्या. पट्टा लावून घेणारी मुलगी स्तब्ध झाली. तिची छाती हलायची थांबली.

वडील वर आले. बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत त्यांनी तिच्याकडे पाहून ओळखीचे हसू केले आणि बाईंच्या खोलीत डोकावून म्हणाले, "आई, निघतो गं आम्ही."