कांगारूचा पंजा

करमणुकीच्या पार्कातला 'रेड डिंगो' नावाचा पाळणा गर्दी होत नाही म्हणून बंद केला, तेव्हा डॅरेल दहा वर्षांचा होता आणि त्यात एकदाही बसला नव्हता. त्याचा बाप मर्व्ह तिथेच मेकॅनिक. दर नाताळच्या सुट्टीत तो पोराला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खूण करायचा. "डिंगोत बसायला अजून दोन बोटं कमी रे! पुढच्या वर्षी बघू."

आता, इतक्या वर्षांनी, अख्खं पार्कच मोडीत निघालं. लिलावात डॅरेलने डिंगोच्या फाटकाशी जमिनीवर उभा असायचा तो लाकडी कांगारू घेतला. ज्याचं डोकं त्याच्या पंजाला लागेल, त्यालाच आत सोडत. बापाच्या घरी येऊन त्याने तो चौकटीला टेकवला.

आठव्या वर्षाचीच खूण पंजाच्या वर होती.

त्याने कांगारू सरळ केला, फरशी चाचपली, पुन्हा पाहिलं.

"डॅड, माझी उंची तर केव्हाच पुरत होती! वर्गातली सगळी पोरं बसून आली. मलाच का रडवत ठेवलंस?"

मर्व्हने चहाचा मग खाली ठेवला. चौकटीकडे काही पाहिलं नाही.



"त्या पाळण्याचे सैल झालेले बोल्ट रोज सकाळी मीच आवळायचो, पोरा."