वरची गल्ली, खालची गल्ली

"वरच्या गल्लीचा रस्ता की खालच्या गल्लीचं गटार? निधी एकाच कामापुरता आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी थोरलीकडे पाहिलं. समितीतली बाकीची मतं समसमान पडली होती. थोरली राहायची वरच्या गल्लीत, तिचा दीर आणि धाकटी जाऊ खालच्या गल्लीत. म्हणजे नातं दोन्हीकडे. अध्यक्षांच्या लेखी तिच्याइतकं निःपक्षपाती माणूस अख्ख्या नगरपालिकेत नव्हतं. बिचाऱ्यांना घर या प्रकाराचा फारसा अनुभव नसावा.

"मॅडम, रस्त्याला नुसते खड्डे आहेत," इंजिनिअर म्हणाला. "गटाराची नळी मात्र आतून खचलीय. कधी बसेल, सांगता येत नाही."

थोरलीला ते पटत होतं. ती काही अडाणी नव्हती. पण तिच्या कानात इंजिनिअरचा नव्हे, सासूबाईंचा आवाज घुमत होता.

सासूबाई तिच्याकडेच असायच्या. दर रविवारी धाकटा त्यांना आपल्या घरी न्यायचा आणि संध्याकाळी परत आणून सोडायचा. मग आठवडाभर धाकटीपुराण. धाकटीची फरशी कशी लखलखते, धाकटीचा चहा कसा बेताचा गोड, धाकटी कशी हळू बोलते. थोरलीने त्यांचे पाय चेपून द्यावेत आणि त्यांनी डोळे मिटून म्हणावं, "धाकटीच्या हातात जादू आहे हो." थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गावात तिला मान होता, समितीत तिच्या शब्दाला वजन होतं. घरात मात्र एक साधं "बरं केलंस" तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. धाकटीच्या वाट्याची प्रत्येक गोष्ट तिला सलायची. आता गटारही तिलाच नवं मिळणार होतं.

"रस्ता," थोरली म्हणाली आणि तिने हात वर केला. इंजिनिअरने नकाशाची गुंडाळी केली.

रस्ता झाला. काळाभोर, गुळगुळीत, कडेला पांढरे पट्टे. थोरलीने सासूबाईंची खुर्ची मुद्दाम खिडकीशी नेऊन ठेवली. "बघा आई, किती वर्षं तुम्ही खड्ड्यांतून ठेचकाळत चालत होतात. करून घेतला अखेर."

सासूबाईंनी चष्मा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता पाहिला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "धाकटीच्या दारासमोर असता तर तिने रोज झाडून ठेवला असता."

थोरली स्वयंपाकघरात गेली आणि तिने सगळी भांडी उगाचच पुन्हा घासली.

महिना उलटला नाही तोच खालच्या गल्लीतली नळी बसली. धाकटीच्या न्हाणीघरातून घाण वर आली ती थेट त्या लखलखत्या फरशीवर. ते कळलं तेव्हा थोरलीला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं! पण दुपारी दारात धाकटी उभी राहिली. दोन पिशव्या, ओले पाय, साडीचा काठ वर खोचलेला आणि अंगाला तो वास. थोरलीची मान आपोआप खाली गेली.

तिने पाणी तापवलं. धाकटी अंघोळ करून आली आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. थोरलीने चहाचं आधण ठेवलं.

"ताई, तुमचं मत रस्त्याला गेलं हे मला त्याच दिवशी कळलं होतं," धाकटी म्हणाली.

"मग माझ्या दारात कशाला आलीस?" थोरलीला विचारायचं होतं वेगळंच, निघालं हे.

"जाणार कुठे? आणि खरं सांगू? मला राग आलाच नाही. आनंद झाला. म्हटलं, चला, आता तरी आई तुम्हाला नावं ठेवतील."

"मला? आणखी किती ठेवायची?"

"तुम्हाला?" धाकटी हसली, पण तिचे डोळे भरले होते. "दर रविवारी माझ्या घरी बसून काय ऐकते मी! थोरली घर सांभाळून गाव सांभाळते. थोरली पाय चेपते तेव्हा झोप कधी लागते कळत नाही. कान किटले माझे, ताई. ती फरशी मी कुणासाठी घासत होते? तुमच्यावर जळून घासत होते. मी सांगितलं त्यांना, तुमच्या लाडक्या सुनेने आमचं गटार अडवलं. तर म्हणाल्या, थोरलीने विचार करूनच केलं असेल."

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणीही गॅस बंद केला नाही. विचार करूनच केलं असेल. जो शब्द ऐकायला थोरलीने गटार बुडवलं होतं, तो खालच्या गल्लीत येऊन पडला होता, आणि तोही याच कामासाठी.

"उद्या बैठक आहे," ती कशीबशी म्हणाली. "नळीचा विषय मी मांडते. चूक माझी होती, तेही सांगते. समोर सगळ्यांच्या." धाकटीने पदराने डोळे पुसले आणि पुढे होऊन गॅस बंद केला.

उरलासुरला चहा घेऊन दोघी बाहेर आल्या. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी आधी थोरलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. दोन्ही सुना एकदम समोर असण्याची त्यांना सवय नसावी. त्या जरा गडबडल्या. मग त्यांनी नव्या रस्त्यापलीकडच्या घराकडे बोट केलं.

"त्या समोरच्यांची सून बघा गं," त्या म्हणाल्या. "तिच्या घरचं गटार कधी तुंबतं का?"