आत सोडलेलं कापड

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा मला, सख्ख्या मुलीला, सिस्टर म्हणत होते. हात चालता ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी सुटे भाग जोडून बनवायचं शिडाचं लाकडी जहाज आणलं. जन्मभर शिंपीकाम केलेले बाबा फळ्या चिकटवताना चाचपडले. शीड मात्र त्यांनी एका बैठकीत शिवलं. आज ते डोलकाठीला बांधलं, तर बोटभर आखूड. माझं नाव विसरलेच होते, आता मापही विसरले. बाबांनी शांतपणे शिडाची खालची शिवण उसवली. आत दुमडलेलं कापड खाली उतरलं आणि शीड बरोबर बसलं. "शिवताना आत कापड सोडायचं," ते म्हणाले. "तुझा शाळेचा फ्रॉक असाच उसवत सातवीपर्यंत नेला." मी मुद्दाम म्हटलं, "आठवीपर्यंत, बाबा." "सातवी. आठवीत तू रडून घर डोक्यावर घेतलंस, म्हणून नवा शिवला."