लांब तारेचं बटण

“तार स्वयंपाकघरापर्यंत पोचेल ना, काका?”

काकांनी मॉनिटरच्या मागून डोकं बाहेर काढलं. गेम पार्लरच्या पेटीतून सोडवून आणलेला तो अवजड काचेचा मॉनिटर पलंगाच्या उशाशी, टेबलावर ठेवला होता. त्याची मागची बाजू उघडी होती.

“पोचेल की. पण सूनबाई, बटण इथेच पलंगापाशी बसवतो ना. तिकडून तुला पडदा तरी दिसणार आहे का?”

“मला कुठे बघायचाय? पण त्यांच्यासाठी गेम बदलायला हातातलं काम टाकून दर वेळी इथे यायला जमत नाही. आणि मागे हात घालून ती पिन बदलायची म्हणजे माझ्या जिवावर येतं.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. या मॉनिटरच्या पोटात बंद केल्यावरही झटका शिल्लक राहतो. जुने गेम पडद्यावर सेकंदाला पंधरा हजार रेघा मारतात, नवे एकतीस हजार. एकातून दुसऱ्यात जायचं तर आतल्या पट्टीवरची इवलीशी पिन काढून दुसरीकडे खोचावी लागते. त्या पिनेच्या जागी काकांनी आता एक रिले, म्हणजे विजेवर हलणारा खटका, डकवली होती. लांबून बटण दाबलं की गेमही बदलेल आणि रेघांचा वेगही.

पलंगावर तिचा नवरा पडून होता. तो काकांचा मुलगा नव्हे, चेला. पण काकांच्या दुरुस्तीच्या दुकानात त्यांच्या हाताखाली तारांना डाग द्यायला शिकला, त्यांच्याच ताटात जेवला, म्हणून त्याची बायको ती काकांची सूनबाई. मेंदूत रक्तस्राव झाला आणि तेव्हापासून हा धडधाकट माणूस ओंडक्यासारखा पडला. दिसत नाही, ऐकू येत नाही, काही कळत नाही, असं सांगून डॉक्टरांनी हात टेकले होते.

काकांनी टेकले नव्हते. येतील तेव्हा ते त्याच्या कानाशी वाकून दुकानातल्या गप्पा सांगत, चेहऱ्याकडे टक लावून बघत, आणि पडल्या तोंडाने घरी जात. त्याने एकदा पापणी हलवून ‘हो काका’ म्हणावं, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं.

“याच्या डोळ्यांसमोर ठेवू का मॉनिटर?” काकांनी विचारलं. “उशाशी ठेवून काय उपयोग?”

“उशाशीच असू दे. सगळं आयुष्य याच्याच संगतीत गेलं त्यांचं.”

किती करत होती ही पोरगी! चादर कोरी, नखं कापलेली, पाठीवर एक फोड नाही. शेजारीपाजारी तिचं नाव काढत ते उगाच नाही.

“फक्त गेमचा आवाज तोडून टाका,” ती म्हणाली. “माझं डोकं उठतं.” तिच्या कानांत कापूस होता. सर्दी झालीय, असं तिने काका आल्या आल्याच सांगितलं होतं.

काकांनी स्पीकरची तार कापली. चेल्याचेही कान असेच तिखट होते. काकांना वयामुळे बारीक आवाज कळेनासे झाले, तेव्हा हाच त्यांचा कान झाला. दारातूनच ओरडायचा, “काका, कोपऱ्यातला सेट गातोय, बंद करा!” पंधरा हजारांवर चालणारी पडद्याची ट्यूब सुईसारखी बारीक शिट्टी घालते. एकतीसवर गेली की ती माणसाच्या कानापलीकडे जाते. घरी सेट चालू ठेवून झोपलो की आमची बायको उशी घेऊन गच्चीवर पळते, असं तो दुकानात रंगवून सांगायचा. सगळे हसायचे. काका तर पोट धरून हसायचे.

तार ओढून झाली. बटण घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. एकतीसवरचा नवा गेम पडद्यावर स्थिर होता.

“दाब!” काका ओरडले.

टिक. पडदा थरथरला आणि पंधरावरचा जुना गेम नीट येऊन बसला. सवयीने काका पलंगाकडे वळले. “बघितलंस का रे…” आणि ते खाली वाकून बघू लागले.

चेल्याचा जबडा आवळला होता. पापण्या घट्ट मिटल्या होत्या, आणि डोळ्याच्या कडेने पाण्याची धार कानाकडे उतरत होती.

“पुन्हा दाब!”

टिक. एकतीस. जबडा सैलावला. चेहरा पुन्हा कोरा झाला.

“अजून एकदा!”

टिक. पंधरा. पुन्हा जबडा आवळला. गळ्याची शीर तटतटली.

खोलीत काकांना काडीचाही आवाज येत नव्हता. स्पीकर तर त्यांनी स्वतःच्या हाताने तोडला होता. मग हा ऐकत होता तरी काय? आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. सेट गात होता! त्यांनी चेल्याचं कपाळ दोन्ही हातांत धरलं. “ऐकतोयस तू! लेका, ऐकतोयस!” ते लहान पोरासारखे रडत होते.

मग धडपडत, भिंतीला हात लावत ते स्वयंपाकघराकडे धावले. मधलं दार तिने तारेपुरती फट ठेवून लोटून घेतलं होतं. काकांनी ते धाडकन उघडलं.

“सूनबाई! ऐकू येतं त्याला! सगळं कळतंय! आत जागा आहे गं तो! उद्याच मोठ्या डॉक्टरांना आणतो मी.”

ती दचकली नाही. बटण तिच्या मुठीत होतं. दुसऱ्या हाताने तिने कानातला कापूस आणखी आत दाबला.

“आधी ते दार लावा, काका,” ती म्हणाली. “त्यांना ऐकू येतं, ते मला माहीत आहे. म्हणून तर तार इथपर्यंत ओढून घेतली. आता ऐकायची पाळी त्यांची. ती शिट्टी मला अजूनही सहन होत नाही.”