नऊ नंबरची खाट

दोन वर्षं धीरज नोएडातल्या त्या हॉस्पिटलचा डेटा सांभाळत होता, पण काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करूनच. आज पहिल्यांदा त्याने तो ब्राउझरमध्ये बघायची सोय केली आणि चौथ्या मजल्यावरच्या नर्सच्या काउंटरवर येऊन ती सुरू करून दिली. डावीकडे खाटांचे नंबर आले आणि प्रत्येक नंबरासमोर हृदयाचे ठोके. आकडे दर सेकंदाला हलत होते. ७८, ८१, ७९. धीरज बघतच राहिला. इतके दिवस ज्याला तो नुसता डेटा म्हणत होता, तो असा धडधडत होता तर!

"बघा ना सिस्टर, अख्खा मजला जिवंत दिसतोय इथे."

वैजयंती सिस्टर मूळच्या सोलापूरच्या. मराठी मुलगा भेटला की त्यांची हिंदी आपोआप बंद व्हायची. त्या चष्मा सारखा करून स्क्रीनवर वाकल्या.

तेवढ्यात धीरजचं लक्ष नऊ नंबरच्या खाटेकडे गेलं. तिथे दोन नोंदी होत्या. एक ८४ ची, आणि दुसरी १४२, १४५, १४१ अशी पळणारी.

"अरे यार, हे चुकलंय. एका खाटेला एकच नोंद असते. आणि एवढे ठोके? वायर सैल झाली असणार. डिलीट करून टाकतो दुसरी."

त्याने माउस हलवला, तसा सिस्टरनी त्याचा हात धरला.

"थांब रे बाळा. ती दुसरी नोंद अजून जन्माला यायची आहे."